काळकाईचं ठाण

“बाई, दगडाचं खोटं तुमाला वळखता येतं का?”

धाकूनाना शेलार शाळेच्या पायरीशी उभे होते. मागे त्यांचा पुतण्या विलास मोटरसायकलची किल्ली बोटावर फिरवत होता. मी ओट्यावर बसून दिवसभरात जमवलेले दगडाचे तुकडे कागदात गुंडाळत होते.

“दगड कुठला आहे ते कधीकधी सांगता येतं,” मी म्हटलं. “खरा-खोटा म्हणजे काय, ते मला कळलं नाही.”

“तेच सांगाया आलोय.” नाना पायरीवर टेकले. विलास उभाच राहिला.

त्या मे महिन्यात मी नव्या बिवळखोंडातल्या शाळेत मुक्कामाला होते. धरणाच्या भिंतीला गळती लागली होती, म्हणून दुरुस्तीसाठी जलाशय जवळजवळ रिकामा केला होता. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवत असे. पाण्याखाली गेलेला खडक पुन्हा उघडा पडण्याची संधी सहसा मिळत नाही. मला त्या खोऱ्यातल्या काळ्या धारेचा नकाशा करायचा होता. काळी धार म्हणजे डोंगराच्या अंगावरून भिंतीसारखी उतरणारी काळ्या खडकाची अरुंद रांग. अलीकडच्या डोंगरावर ती दिसत होती आणि पलीकडच्याही. मधल्या भागात गाळ होता, आणि त्या गाळात तीस-एक वर्षं बुडालेलं जुनं बिवळखोंड.

“आमची काळकाई,” नाना सांगू लागले. “घडीव मूर्ती नाय. पाषाण. धरणाचं पाणी चढाया लागलं तवा लखू गुरवानं आईला उचलून हिकडं आणली. म्हंजे तो म्हणाला, आणली. देव हलवताना कुणी बघायचं नाय अशी आमची रीत. गुरव आत, दार बंद, गाव बाहेर. दुसऱ्या दिवशी उजाडता तो बाहेर आला, डोक्यावर फडक्यात गुंडाळलेला पाषाण. आमी वाजवत गाजवत हितं आलो.”

“मग?”

“मंग काय. हितं आल्यापासून कौल नाय.”

कौल मला माहीत होता. देवाला ओल्या कळ्या लावायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार.

“पूर्वी आई शब्दासरशी बोलायची,” नाना म्हणाले. “हितं कळ्या जागच्या जागी वाळून जातात.”

“लखूला धरणवाल्यांनी फितवला होता,” विलास म्हणाला. “गाव लवकर उठवून दे, तुला रस्त्याकडंचा प्लॉट देतो. त्यानं खऱ्या आईला पाण्यात सोडली नि कुठलातरी धोंडा डोक्यावर घेऊन आला.”

“असं कोण म्हणतं?”

“सगळं गाव.”

“मी म्हणतो,” नाना म्हणाले. “गावाला मीच सांगितलंय.”

लखू गुरव चार-पाच वर्षांपूर्वी वारला होता. त्याच्यामागे त्याची मुलगी सुगंधा पूजा करत होती आणि देवळामागच्या खोलीत एकटी राहत होती. नानांनी अट अगदी सरळ मांडली. जुन्या देवळातलं ठाण रिकामं निघालं तर लखू खरा. मग सुगंधाला कुणी बोलणार नाही. पाषाण तिथेच निघाला तर लखू खोटा. मग जत्रेआधी तिने खोली सोडायची आणि पूजा दुसऱ्या गुरवाकडे जायची.

“त्यात माझं काय काम?” मी विचारलं.

“आमी बघितलं तर ती म्हणंल, तुमीच आणून ठेवला. तुमी परक्या. तुमाला कुणाचं काय पडलेलं नाय.”

हे खरं होतं. तरी मला विलासची किल्ली फिरवण्याची पद्धत आवडली नाही. देवळाच्या कमिटीचा तो सेक्रेटरी होता, आणि दुसरा गुरव त्याने आधीच बघून ठेवलेला दिसत होता. रिकाम्या जागी दगड ठेवणं काही अवघड नसतं.

“मला दिसेल तेवढंच मी सांगेन,” मी म्हटलं. “त्यापलीकडे एक शब्द नाही. आणि आधी इथल्या देवळातला पाषाण बघेन.”

“बगा की,” विलास हसला. “हात लावू देते का बगा.”

सुगंधा पन्नाशीची, काटक बाई. मी गेले तेव्हा ती डोक्यावर घागर घेऊन तळ्याच्या उतारावरून वर येत होती. पाणी खूप खाली गेलेलं, त्यामुळे चढ लांबलचक झाला होता. तिच्या पोटऱ्यांना चिखल सुकून चिकटला होता. देवळाच्या दारातच नळ होता. ती त्याच्यासमोरून घागर घेऊन आत गेली.

“नळाला पाणी नसतं का?” मी विचारलं.

“असतं.”

“मग इतक्या लांबून?”

“बाबा तळ्याचं आणायचे.” तिने घागर उतरवली. “त्यांचे पाय सुजले तरी आणायचे. नळाचं पाणी आईला कधी घातलं नाय.”

“का?”

“इचारलं नाय. ते सांगायचे पण नाय.”

गाभाऱ्यात समई होती. पाषाण गुडघ्याएवढा उंच, शेंदराने मढलेला. वर्षानुवर्षं तेल आणि शेंदूर चढत गेला की दगडावर जाड कवच बनतं. इथलं कवच हाताच्या पंजाएवढं जाड वाटत होतं. आतला खडक नखभरही दिसत नव्हता.

“मी हात लावला तर चालेल?”

“नको,” ती चटकन म्हणाली. मग थोडी ओशाळली. “बाबांनी कुणाला लावू दिला नाय. मला पण न्हाऊ घालण्यापुरताच. रगडायचा नाय, खरवडायचा नाय.”

मी टॉर्च लावून उंबऱ्यावरूनच बघितलं. कवचाच्या दोन्ही बाजूंनी वरून खाली एक बारीक रेघ गेली होती. रेघेच्या अलीकडचे आणि पलीकडचे थर एकमेकांशी जुळत होते, पण अगदी तंतोतंत नाही. फुटलेली कवडी पुन्हा चिकटवावी तसे. हे कवच कुणीतरी एकदा दोन तुकड्यांत काढलं होतं आणि परत बसवलं होतं. दगड उचलून आणायचा असेल तर त्याचं कवच काढायची काही गरज नसते.

मी टॉर्च बंद केला. सुगंधा माझ्याकडे बघत होती.

“काय दिसलं?”

“उद्या खाली बघितल्याशिवाय काही सांगणार नाही.”

“नाना तुमाला बोलले असतील, खोलीचं.” ती पदराने हात पुसत राहिली. “खोली जाऊ दे. बहीण हाय माणगावला, तिच्याकडं राहीन. पण बाबा गेले तवा खांद्याला माणसं माणगावावरनं आणावी लागली. ह्या गावातला एक माणूस दारात आला नाय. उद्या ठाण रिकामं निघालं, तर ते सगळे खोटे पडतील. तेवढं व्हायला पायजे.”

“आणि रिकामं नसलं तर?”

“मंग मी कुणासाठी इतकी वर्षं पाणी वाहिलं, ते मला कळाया पायजे.”

तिला त्या रेघेबद्दल माहीत होतं की नाही, हे मला तिच्या तोंडावरून ठरवता आलं नाही. रोज आंघोळ घालणाऱ्या बाईच्या बोटांना ती लागली नसेल, यावर माझा विश्वास बसेना.

सकाळी आम्ही तिघे खाली उतरलो. मी, घमेलं आणि रिकामी घागर घेतलेली सुगंधा आणि खांद्यावर पहार घेतलेले नाना. विलास वरच राहिला. बाकीचं गाव काठावर जमलं होतं. माणसं उन्हात उभी होती.

तळाचा गाळ सुकून त्याच्या चौकोनी-पंचकोनी खपल्या झाल्या होत्या. पावलाखाली त्या कुरकुरत. घरांची जोती उरली होती, भिंती नव्हत्या. झाडांचे काळे बुंधे होते. नाना चालता चालता बोट दाखवत होते: हे आमचं, हे कदमांचं, ही वहाळाची वाट. एका जोत्यापाशी दगडी उखळ पालथं पडलं होतं. नानांनी ते पायाने सरळ केलं आणि पुढे निघाले.

देवळाजवळ पोचल्यावर ते थांबले. गाळावर अनवाणी पावलं उमटलेली होती. देवळाकडे गेलेली आणि परत आलेली. एकदाची नव्हे, पुष्कळदा गेलेली.

“ही कुणाची?”

“माझी,” सुगंधा म्हणाली.

“तू हितं येतेस? आमाला न सांगता?”

“पाणी हितवर मागं सरलंय नाना. घागर कुठं बुडवू?”

देवळामागे थोड्याच अंतरावर जलाशयाचं उरलेलं पाणी होतं. नानांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मनात जे होतं तेच माझ्याही मनात आलं होतं: ही आधी येऊन काही काढून गेली असेल का? मी पावलांच्या मागे मागे गेले. ती देवळाला वळसा घालून पाण्याकडे गेली होती, आत नाही. देवळाचं छप्पर कधीच गेलं होतं आणि गाभारा कमरेएवढ्या गाळाने भरला होता. वरच्या खपल्या सलग होत्या. भेगा एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत अखंड पोचलेल्या. उकरून पुन्हा भरलेल्या गाळाला अशा भेगा पडत नाहीत.

“आत कुणीही आलेलं नाही,” मी म्हटलं. “तुमच्यातलं कुणी नाही आणि हीसुद्धा नाही.”

“आमच्यातलं कशाला येईल?” नाना दुखावल्यासारखे म्हणाले.

नानांनी पहारेने खपल्या फोडल्या, सुगंधाने घमेल्याने गाळ उपसला. मी मधूनमधून त्यांना थांबवून बघत होते. ऊन चढलं. खालचा गाळ ओला, काळपट, लोण्यासारखा लागला. मग पहार कशावर तरी आपटली. तो आवाज मला वेगळा वाटला. तो सुट्या दगडाचा नव्हता, पण त्या क्षणी माझ्या ते पुरतं लक्षात आलं नाही.

नाना गुडघ्यावर बसले आणि हाताने गाळ बाजूला करू लागले. काळा, गुळगुळीत माथा वर आला. मग खांदे. शेंदराचा एक कणही नाही. उघडा पाषाण.

“बग गो,” नाना म्हणाले. आवाज मोठा नव्हता. “बग. हितंच हाय माझी आई. तुझ्या बापानं हिला चिखलात सोडली.”

घमेलं सुगंधाच्या हातातच होतं.

“तिच्या अंगावरचं शेंदराचं कवच तेवढं काढून नेलं,” मी म्हटलं. ते सांगणं भाग होतं. “वरच्या देवळात आहे ते कवच इथलंच आहे. आतला दगड दुसरा आहे.”

“हिची खोळ त्या धोंड्याला?” नाना उठून उभे राहिले. “सुगंधे, खोली आजच खाली कर.”

“करते,” ती म्हणाली.

मी पाषाणाभोवती फिरत होते. गाळ पुसला तसे त्याच्या बुडाशी ओरखडे दिसू लागले. आखूड, खोल, सगळ्या बाजूंनी. पहारेचे घाव होते, पण आजचे नाहीत.

“थांबा,” मी म्हटलं. “आणखी खणायचं आहे.”

“आता काय बघायचं ऱ्हायलं?”

“फितूर झालेला माणूस दार लावून बसेल, दुसरा दगड गुंडाळेल आणि बाहेर येईल. हे घाव कशाला घालेल?”

नानांनी नाइलाजाने पहार उचलली. पाषाणाला लागून चारी बाजूंनी माती मऊ होती. हातभर पलीकडे ती आवळलेली, घट्ट, खडे मिसळलेली होती. म्हणजे इथे एकदा खड्डा होता, पाषाणाला धरून गोल. तळ्याच्या गाळाने तो नंतर भरला. आम्ही फक्त ती मऊ माती काढत गेलो. पाषाण खाली जाताना रुंद होत गेला. नाना आधी मांडीपर्यंत खड्ड्यात होते, मग कमरेपर्यंत. घाव त्यांच्याबरोबर खाली उतरत होते. अगदी तळाशी मऊ माती संपली. तिथे पहारेचं मोडकं टोक होतं, गंजून सुजलेलं, पाषाण आणि घट्ट मातीच्या फटीत रुतलेलं. आणि पाषाण त्याच्याही खाली गेला होता.

“बूड कुठं हाय हिचं?” नाना धापा टाकत म्हणाले.

मी खड्ड्यात उतरले आणि खडकाच्या अंगावरून हात फिरवला. लाकडाच्या मोळ्या आडव्या रचाव्यात तशा त्यावर आडव्या भेगा होत्या. त्या मी आठवडाभर दोन्ही डोंगरांवर बघत आले होते. मी वर चढून भिंतीच्या खिंडारातून बाहेर बघितलं. पूर्वेला काळी धार डोंगरावरून उतरत गाळापाशी संपत होती. पश्चिमेला ती गाळातून पुन्हा वर येत होती. माझ्या नकाशावर दोन टोकं होती आणि मधे मोकळा कागद. मी हात लांब करून नजरेने रेघ ओढली. ती गाभाऱ्यातून गेली.

“नाना, वर या.”

ते आले. मी बोट दाखवलं.

“ती काळी धार दिसते? जमिनीला फार पूर्वी एक भेग पडली होती. तिच्यात खालून लाव्हा चढला आणि तिथेच थिजला. भोवतालचा खडक झिजला, ही भिंत उरली. ती त्या डोंगरावरून येते, या गाभाऱ्याखालून जाते आणि पलीकडे चढते. तुमची आई म्हणजे तिचं वर आलेलं टोक आहे.”

“म्हंजे?”

“म्हणजे हा सुटा पाषाण नाही. याला बूड नाही. हा कुणालाच हलवता येणार नाही.”

नाना त्या डोंगराकडे बघत राहिले. मग या डोंगराकडे.

“कुठवर असंल खाली?”

“मला सांगता येणार नाही. मोजता येत नाही.”

“लखूला हे ठावं होतं?”

“लाव्हा वगैरे नसेल माहीत. पण खड्डा त्याचा आहे. बूड लागत नाही एवढं त्याला एका रात्रीत कळलं असणार.”

सुगंधा खड्ड्याच्या काठावर बसली होती. पहारेचं मोडकं टोक तिने हातात घेतलं होतं.

“मंग बाहेर येऊन सांगायचं की,” ती म्हणाली. ती माझ्याशीही बोलत नव्हती आणि नानांशीही. “आई येत नाय म्हणून सांगायचं. त्यात काय लाज होती? जन्मभर शिव्या खाण्यापरास ते बरं नव्हतं?”

याचं उत्तर खडकात नव्हतं.

नाना देवळाच्या तुटक्या उंबऱ्यावर बसले. काठावरून कुणीतरी हाक मारली, तिच्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

“त्याला सांगता येत नव्हतं,” शेवटी ते म्हणाले.

“का?”

“मी हितं बसलो होतो. ह्याच उंबऱ्यावर. सगळं गाव अंगणात. पाणी खालच्या शेतात आलेलं, वरनं पाऊस. साहेब लोक सांगून सांगून दमले, कुणी उठंना. मी नारळ फोडून गावाकडनं शपथ घेतली होती. आई उठली तर गाव उठंल. आई नाय म्हणाली तर एकानं पण जागा सोडायची नाय. बुडवू देत आमाला.” त्यांनी अंगणाकडे बोट केलं. “माझी बायको मांडीवर पोर घेऊन पुढंच बसली होती. विलास कडेवर होता त्याच्या आईच्या.”

सुगंधाने मान वर केली.

“दारापलीकडं पहारेचा आवाज येत होता,” नाना म्हणाले. “आमी म्हणत होतो, आई उठतेय. रातभर तो आवाज येत होता. मंग बंद झाला. मी दारावर थाप मारून इचारलं, लखू, आई काय म्हणते? तो लवकर बोलला नाय. मंग आतनं म्हणाला, येते म्हणते.”

वारा सुटला होता. सुकलेल्या गाळाची धूळ जोत्यांवरून उडत होती.

“तो ‘येत नाय’ म्हणाला असता,” नाना म्हणाले, “तर मी कुणाला उठू दिलं नसतं.”

सुगंधा उठली. तिने रिकामी घागर उचलली, देवळामागे जाऊन पाण्यात बुडवली आणि भरून आणली. रोजचं काम होतं ते. डोक्यावर चुंबळ ठेवताना तिचे हात थांबले. ती घागरीतल्या पाण्याकडे बघत राहिली, मग खड्ड्यातल्या काळ्या खडकाकडे. मीही बघितलं. तीस वर्षं हे तळं त्या खडकाच्या अंगावर होतं, आणि पाय सुजलेला म्हातारा नळासमोरून तेच पाणी वर नेत होता.

“आण हिकडं,” नाना म्हणाले.

“राहू द्या नाना. जड हाय.”

“आण म्हणतो ना.”

त्यांनी घागर खांद्यावर घेतली. चढ लांब होता आणि ते दोनदा थांबले, पण घागर खाली ठेवली नाही. काठावरची माणसं बाजूला झाली. विलास पुढे आला.

“काका, ठाण रिकामं का भरलेलं?”

“भरलेलं.”

लोकांत कुजबुज झाली. विलास सुगंधाकडे वळला. “ऐकलंस ना? आता आमाला बोलायचं नाय.”

“बोलायचं मला हाय,” नाना म्हणाले. “आई हाय तिथंच हाय. तिला बूड नाय, ती कुणाच्या बापाला उचलायची नाय. बाईंनी बघितलंय. लखूनं खोटं सांगितलं. मला सांगितलं. मी खुळ्यासारखा शपथ घेऊन बसलो होतो, म्हणून सांगितलं. नायतर तू तुझ्या आईच्या कडेवर बसून बुडाला असतास.”

विलासने माझ्याकडे बघितलं.

“पाषाण खालीच आहे,” मी म्हटलं. “भोवती खणल्याच्या खुणा आहेत. बाकीचं मी बघितलेलं नाही, ते नानांना माहीत.”

“मंग देवळात हाय तो काय?” गर्दीतून एका बाईने विचारलं.

“त्याच्यावर खोळ तिची,” नाना म्हणाले. “आणि पाणी तिच्या अंगावरचं. अजून काय पायजे तुला?”

नाना देवळापर्यंत गेले. लोक मागे मागे आले, पण अंतर ठेवून. नळाजवळ पोरं अंगावर पाणी उडवत होती, त्यांनी नळ बंद केला. दारापाशी नानांनी चपला काढल्या. ते आत गेले नाहीत. घागर त्यांनी उंबऱ्यावर टेकवली आणि तशीच धरून ठेवली. तोवर सुगंधा पाय धुऊन, पदर खोचून आत जाऊन उभी राहिली होती.

आठवडाभरात त्या गावात मी तिला लखूची पोर, ती, सुगंधी अशा पुष्कळ नावांनी ऐकलं होतं.

“घे, गुरवीण,” नाना म्हणाले. “आईला पाणी घाल.”